संग्रहाचे स्थलांतर आणि ‘तीच प्रत’ : एक चिकित्सा

वर्धा जिल्ह्यातील गिरड येथे शेख फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीवर लहानमोठे गोल दगड विखुरलेले आढळतात. फकिराची थट्टा करणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी त्यांविषयीची आख्यायिका आहे. नारळाचा आकार राहिला. नारळ मात्र उरला नाही. हस्तलिखितांच्या प्रतिमा, बोलींची ध्वनिमुद्रणे यांसारखा मोठा संग्रह एका संगणकीय संचयातून दुसऱ्यात हलविताना होणारी हानी पुष्कळदा याच जातीची असते. बाह्य लक्षणे जुळली म्हणून वस्तू तीच आहे असे मानले जाते. हा समज कितपत ग्राह्य आहे, ते येथे तपासावयाचे आहे.

या कामी सर्वत्र रूढ असलेले साधन म्हणजे अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांचे ‘आरसिंक’ (१९९६). त्याची मूळ कल्पना खरोखर मार्मिक आहे. घेणारा संगणक आपल्याजवळील जुन्या प्रतीचे तुकडे पाडून प्रत्येकाची बेरीज-खूण कळवितो आणि पाठविणारा केवळ न जुळणारा भाग धाडतो. या काटकसरीचे मोल मोठे आहे. सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणाऱ्या तारेवरून १० टेराबाइट सामग्री न्यावयाची, तर तार अखंड भरलेली असतानाही नऊ दिवसांहून अधिक काळ लागतो. मध्येच काम खंडित झाले तर पुन्हा आरंभापासून सुरुवात करणे परवडणारे नसते.

तथापि ही काटकसर एका गृहीतावर उभी आहे. फाइलचा आकार आणि अखेरच्या बदलाची वेळ दोन्हीकडे सारखी असेल, तर हे साधन आतील मजकूर न पाहताच ती फाइल सोडून देते. मजकूर तपासण्याचा पर्याय आहे. परंतु तो मागावा लागतो. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे खटकल्यावाचून राहणार नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत पत्रसंख्या व लेखनकाल जुळला म्हणून दोन पोथ्यांचा पाठ एक मानला गेला नाही. पाठ पाठाशी ताडून पाहिला गेला. शिवाय ‘संपूर्ण जतन’ असा भास निर्माण करणारा आरसिंकचा नेहमीचा पर्यायही एकाच फाइलला दिलेली दोन जोडनावे, विस्तारित प्रवेशाधिकार आणि फाइलला जोडलेली अतिरिक्त माहिती आपणहून नेत नाही.

याहून गंभीर प्रश्न मराठी नावांचा आहे. इंग्रजी मार्गदर्शिकांत त्याची दखल क्वचितच आढळते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एका स्वतंत्र चिन्हाने, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. युनिकोड या दोहोंना समान मानते. ॲपलची जुनी एचएफएस प्लस संचयपद्धती नावे विघटित रूपात ठेवीत असे. लिनक्सवरील पद्धती सामान्यतः केवळ बाइटांची तुलना करतात. परिणामी डोळ्यांना एकच दिसणारे नाव यंत्राला दोन वाटते. एकाच फाइलच्या दोन प्रती निर्माण होतात. ‘मुळात नाही ते काढून टाक’ अशी आज्ञा दिलेली असेल, तर आधीच पोचलेली फाइल परकी ठरून पुसलीही जाते. नावांचे संकेतन बदलण्याचा पर्याय आरसिंकमध्ये आहे. परंतु त्याची गरज मराठी जाणणाऱ्यालाच आधी ओळखता येते.

लांबीचेही तसेच. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत नावाला २५५ संकेतांक चालतात. लिनक्सच्या प्रचलित पद्धतींत मर्यादा २५५ बाइटांची आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्याने तेथे जेमतेम ८५ चिन्हे मावतात. ‘स्त्री’ हे दिसायला एक अक्षर. परंतु त्यात सहा चिन्हे व अठरा बाइट आहेत. हस्तलिखिताचे शीर्षक, कर्ता, स्थळ व शक नावातच गुंफण्याची आपली पद्धत येथे अडते. असे नाव नव्या संचयात निर्माणच होत नाही, आणि त्या त्रुटीची नोंद सहस्रावधी ओळींत दडून राहते.

दोष साधनाचा नाही. त्याने कधीही न दिलेले आश्वासन आपण गृहीत धरतो, हा दोष आहे. ‘तीच प्रत’ कशाला म्हणावे, हा निर्णय यंत्रशाळेचा नसून अभ्यासकाचा आहे. म्हणून स्थलांतरापूर्वी प्रत्येक फाइलचे नाव, आकार व मजकुराची खूण यांची यादी करावी. नावे एकाच युनिकोड रूपात आणावीत. लांब नावांतील माहिती स्वतंत्र सूचीत उतरवावी. नंतर नव्या संचयातून फाइली पुन्हा वाचून खुणा ताडाव्यात, आणि काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. तोवर जुना संचय पुसू नये. ज्या बोलीचा शेवटचा वक्ता हयात नाही, तिच्या ध्वनिमुद्रणाची दुसरी मूळ प्रत कोठूनही मिळत नाही.