वर्दीतला गायक: बॅरी सॅडलर आणि अनुभवाचा दाखला

कलाकृतीचा खरेपणा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आपण या मालेत निरनिराळ्या बाजूंनी पाहतो आहोत. आज त्यासाठी एकच गाणं घेतलंय, आणि ते गाणारा माणूस. गाण्याचं नाव ‘द बॅलड ऑफ द ग्रीन बेरेज’. गायक स्टाफ सार्जंट बॅरी सॅडलर. तुमच्यापैकी ज्यांनी साठच्या दशकात रेडिओ सिलोन ऐकला त्यांनाही हे नाव कदाचित आठवणार नाही. पण १९६६च्या मार्च महिन्यात अमेरिकेत हे गाणं सलग पाच आठवडे बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. बीटल्सचा काळ, रोलिंग स्टोन्सचा काळ, आणि त्यांच्यामध्ये हा वर्दीतला फौजी, मागे ताशासारखा कडकडणारा ड्रम, पुरुषांचा कोरस, आणि जवळजवळ गद्य वाटावा असा सपाट आवाज.

आधी माणूस थोडक्यात. सॅडलरचा जन्म १९४०चा, न्यू मेक्सिको राज्यातल्या कार्ल्सबादचा. आधी हवाई दल, मग भूदल, आणि तिथून स्पेशल फोर्सेस. हिरवी टोपी घालणारी ही निवडक तुकडी. त्यात तो ‘मेडिक’ होता, म्हणजे लढणाराही आणि जखमा बांधणाराही. व्हिएतनामला गेला. मे १९६५मध्ये मध्य पठारावर, प्लेकूच्या परिसरात गस्त घालत असताना त्याच्या गुडघ्यात पुंजी स्टिक घुसली. ही वस्तू काय, ते सांगायला हवं. बांबूची टोकदार खुंटी, गवतात लपवून रोवलेली, टोकाला विष्ठा माखलेली, म्हणजे जखम चिघळावी. यानं स्वतःच जखमेवर वरवरची पट्टी लावली आणि गस्त पुरी केली. पुढे पाय सडायची वेळ आली, मायदेशी पाठवावं लागलं.

आता गाण्याकडे या. या गाण्यात ती खुंटी नाही. गवत नाही. मेडिक नाही. व्हिएतनाम हे नावसुद्धा नाही. शत्रू नाही. आहेत ते आकाशातून उतरणारे निर्भय पुरुष, आणि शेवटी एक मेलेला सैनिक, ज्याची बायको घरी वाट पाहते आहे आणि ज्याची अखेरची इच्छा अशी की मुलानंही तीच टोपी मिळवावी.

याला कोणी उत्तर देईल, आणि ते उत्तर हलकं नाही. गौरवगीत आहे हो, त्यात तपशील कशाला? राष्ट्रगीतात कुठे तपशील असतात? सगळ्यांना आपलं वाटायचं तर गाणं निनावीच असावं लागतं. मान्य. पण मग त्या गाण्याच्या तबकडीवर टोपीतल्या सॅडलरचं छायाचित्र का? आणि तेच रूप रॉबिन मूरच्या ‘द ग्रीन बेरेज’ या कादंबरीच्या स्वस्त आवृत्तीच्या मुखपृष्ठावर का? कादंबरी सॅडलरनं लिहिलेली नाही! मूरनं मात्र त्याला गाण्याचे शब्द नीट करायला आणि आरसीए कंपनीचा करार मिळवायला मदत केली होती. ऐकणाऱ्याला सांगितलं जात होतं ते हे: हा तिथे होता, याला लागलंय, म्हणून हा म्हणतो ते खरं. हा अनुभवाचा दाखला आहे. शाळेच्या दाखल्यासारखा, जोडला की अर्ज मंजूर.

आपल्या मराठी समीक्षेतही हा दाखला फार चालतो. ‘अस्सल अनुभव’, ‘जगलेलं लिहिलं’ असं म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात. मला हे नेहमीच अपुरं वाटत आलंय. इथे न्यायदर्शन कामाला येतं. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण कोणाच्या शब्दाला? आप्ताच्या. आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त तो, ज्यानं वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. दोन अटी आहेत हे लक्षात घ्या. पाहिलेलं असणं ही एक. पाहिलं तसं सांगणं ही दुसरी. वर्दी फार तर पहिली अट पुरी करते.

आणि सॅडलरच्या बाबतीत पहिलीही डळमळते. गाणं त्यानं लिहायला घेतलं ते मेडिकचं प्रशिक्षण चालू असताना, म्हणजे व्हिएतनामच्या आधी. ती खुंटी लागायच्या आधी गाण्याचा साचा ठरलेला होता. त्यातल्या एका कडव्यात एक नाव होतं: जेम्स गेब्रियल, हवाई बेटांवरचा मूळ रहिवासी, स्पेशल फोर्सेसचा सैनिक, एप्रिल १९६२मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. त्याच्या स्मरणार्थच गाणं लिहिलं गेलं. ध्वनिमुद्रित गाण्यात हे कडवं नाही.

मला वाटतं, या गाण्यावरची खरी टीका इथे आहे. ते युद्धाच्या बाजूचं आहे यात ती नाही. युद्धाच्या बाजूची चांगली गाणी असतात. आपले पोवाडे काय शांततावादी आहेत? पण पोवाडा नाव घेतो. कोण होता, कुठला, कोणाबरोबर गेला, काय हत्यार होतं. इंग्रजी ‘बॅलड’चीही जुनी रीत तीच: घडलेली गोष्ट, नावागावासकट. सॅडलरच्या गाण्याच्या शीर्षकात बॅलड हा शब्द आहे आणि आत गोष्ट नाही. जी होती ती काढून टाकली, आणि गेब्रियलच्या जागी कोणीही बसू शकेल असा एक मृत सैनिक ठेवला. त्या शेवटच्या कडव्यात मुलाकडे टोपी जाते तेव्हा हे पक्कंच होतं. रिकामी जागा भरायची असते, एवढंच गाणं सांगतं.

काळही बघा. १९६५ संपताना व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सुमारे १,८४,००० सैनिक होते, वर्षभरात ते ३,८५,०००च्या आसपास गेले. त्यांत सक्तीच्या भरतीची मुलं मोठ्या संख्येनं. गाणं मात्र पारखून निवडलेल्या मूठभरांचं! ज्या घरात भरतीचं पत्र आलं होतं त्या घराला हे गाणं आपला मुलगा निवडला गेलाय असं वाटायला लावत होतं. त्याची लोकप्रियता मला इथून थोडी समजते, आणि त्या घरांना मी हसणार नाही.

उलट बाजूही तपासू. पीट सीगर हा युद्धविरोधी गायक म्हणून आपल्याला माहीत. पण तोही फौजेत होता, दुसऱ्या महायुद्धात. १९६७मध्ये त्यानं ‘वेस्ट डीप इन द बिग मडी’ हे गाणं दूरचित्रवाणीवर गायलं तेव्हा सीबीएसनं ते कापलं, आणि पुढच्या वर्षी दाखवलं. १९४२चा सराव, नदी, हट्टी कॅप्टन, अशी ती कथा आहे. ती सीगरच्या स्वतःच्या नोकरीतली नाही, रचलेली आहे. तरी त्यात पाण्याची खोली आहे, कोण काय बोललं ते आहे, आणि म्हणून ऐकणारा वाद घालू शकतो. फौजी दोघेही. दाखला दोघांकडेही. मग दाखल्यानं ठरलं काय?

आता जर्मनीतली गंमत. त्याच १९६६मध्ये फ्रेडी क्विननं याच चालीवर जर्मन गाणं गायलं. नावाचा अर्थ ‘शंभर माणसं आणि एक हुकूम’. तिकडे तेही पहिल्या क्रमांकावर गेलं. चाल तीच, चालणारे सैनिक तेच, पण हे घरापासून दूर भटकताहेत, आणि हा रस्ता त्यांना नकोय. क्विन काही प्लेकूला गेला नव्हता. युद्ध हरून वीस वर्षं झालेल्या देशात ते गाणं कसं ऐकलं गेलं असेल, याची कल्पना करा.

गाणं गाजल्यावर सॅडलरच्या वाट्याला प्रचाराचे दौरे आले. १९६७मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं, ‘आय’म अ लकी वन’, म्हणजे मी नशीबवान. त्याच वर्षी त्यानं फौज सोडली. पुढचं गाणं थोडं चाललं, मग चालेना. डिसेंबर १९७८मध्ये नॅशव्हिलमध्ये त्यानं ली एमर्सन बेलामी या गीतकाराला गोळी घालून मारलं. बेलामीच्या हातात हत्यार नव्हतं. गुन्हा कबूल केला, चार-पाच वर्षांची शिक्षा झाली आणि ती कमी होऊन तीस दिवसांवर आली. याचं मानसशास्त्र सांगण्याचा मोह मी टाळतो. माणसाच्या गुन्ह्यानं गाणं वाईट ठरत नाही, जसं त्याच्या जखमेनं ते चांगलं ठरलं नव्हतं.

मला रस आहे तो १९७९मध्ये सुरू झालेल्या त्याच्या कादंबऱ्यांत. नायक कास्का, रोमन सैनिक. क्रुसावरच्या येशूला यानं भाला मारला, म्हणून शाप: येशू परत येईपर्यंत तू मरणार नाहीस आणि सैनिकच राहशील. आपल्याला लगेच अश्वत्थामा आठवतो, जखम घेऊन भटकणारा, तेल मागणारा. वीसहून अधिक भाग निघाले. रेल्वे स्टेशनवर घ्यावीत अशी पुस्तकं, भाषा रांगडी, रक्तपात अतोनात, आणि ती पैशासाठीच लिहिली जात होती. वाङ्मय म्हणून मी कोणाला वाचा म्हणणार नाही. पण हा सैनिक शतकानुशतकं एका फौजेतून दुसऱ्या फौजेत जातो, धनी बदलतात, त्याची सुटका होत नाही. गौरवगीतात जे वारसा म्हणून मुलाकडे जातं, ते इथे शाप म्हणून त्याच माणसाला चिकटतं. यातली एकही घटना सॅडलरनं पाहिलेली नाही. तरी आप्ताची दुसरी अट, जाणलं तसं सांगण्याची, तो इथे थोडीफार पाळतो असं माझं मत आहे. ज्याच्यावर वर्दीचं छायाचित्र होतं, तिथे नाही.

शेवटची वर्षं ग्वाटेमालात गेली. सप्टेंबर १९८८मध्ये तिथे त्याच्या डोक्यात गोळी लागली. अपघात, लूट की खून, यावर एकमत नाही. त्यातून तो सावरला नाही. नोव्हेंबर १९८९मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी टेनेसीत वारला.

प्रश्न घेण्याआधी एक काम सांगतो. इंग्रजी आणि जर्मन, दोन्ही गाणी इंटरनेटवर आहेत. आधी जर्मन ऐका, शब्द न कळता. मग इंग्रजी. ड्रम दोन्हींत आहे. कोणत्या गाण्यात पाय चालायला लागतात आणि कुठे थबकतात ते बघा, आणि पुढच्या वेळी सांगा. हं, मागच्या रांगेतून हात वर आहे, बोला.