पितळेवरची तीन अक्षरं

काडतूस बुडापासून वाचावं. नजर आधी गोळीच्या टोकाकडे जाते, पण काडतूस आपलं नावगाव सांगतं ते बुडाशी. माझ्यासमोर ७.६२ मिलिमीटरच्या एका रायफल काडतुसाची दोन मोठी छायाचित्रं आहेत, एक बुडाचं आणि एक अंगाचं. बुडाच्या कडेने ठसा आहे : ओएफव्ही, सनाचे दोन आकडे, ७.६२. मधोमध टोपी, जिच्यावर फायरिंग पिन आदळते.

ओएफव्ही म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी, वरणगाव. भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाताना लागणाऱ्या वरणगावात हा कारखाना १९६४ साली उभा राहिला, चीन युद्धाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. या ठशात कुणा कारागिराचं नाव नाही, आहे ते गावाचं आद्याक्षर. तापीकाठच्या केळीच्या मुलखातलं एक गाव सीमेवरच्या जवानाच्या मॅगझिनमध्ये जाऊन बसतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता अंगाचं छायाचित्र. पितळ पिवळंधमक आहे, मात्र गोळी जिथे धरलेली आहे त्या मानेवर आणि खांद्यावर निळसर-तपकिरी झाक दिसते. पाहणाऱ्याला ती डाग वाटेल. खरं तर या सगळ्या वस्तूतली सर्वांत बोलकी जागा तीच. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त यांचं हे पितळ ओढून-दाबून नळीच्या आकाराला आणतात. त्या दाबाचा ताण धातूत साचून राहतो. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत आणि नुसती ठेवलेल्या जागी तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतली ओल आणि पितळात साचलेला ताण, तिन्ही एकत्र आले की चीर पडे. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी हे कोडं उलगडून दाखवलं. उपाय साधा निघाला : घडवून झाल्यावर पितळ बेताने तापवायचं, म्हणजे ताण उतरतो. मानेवरची झाक ही त्या आचेची खूण. लष्करी काडतुसावर ती पुसून न काढता तशीच ठेवतात. आपल्या पावसाळ्याने शिकवलेला धडा पितळेवर असा उघड लिहिलेला आहे.

काडतुसाच्या आत काय आहे ते छायाचित्रात दिसत नाही, पण वाचता येतं. काडतूस म्हणजे आधीच घेऊन बंद केलेला निर्णय. दारू किती, गोळी केवढी, वेग किती, हे वरणगावात ठरलं; जवानाच्या हाती फक्त नेम आणि चाप. पूर्वी असं नव्हतं. १८२५ साली ब्रिटिश अधिकारी औट्रमने धरणगावात खानदेश भिल्ल पलटण उभी केली तेव्हा बंदूक ठासणीची होती. दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा. दर बाराला दारू चालवणाऱ्याच्या हातून नळीत जात असे. पाश्चात्य देशांतले हौशी नेमबाज घरी काडतुसं भरतात, ते पितळेत बंद झालेला हाच निर्णय पुन्हा हातात घेण्यासाठी. त्यांतल्या अनेकांना ओढ असते ती आवाजाच्या वेगाखाली राहणाऱ्या गोळीची.

ही ओढ समजायची तर चांदमारीच्या लक्ष्याजवळ कान द्यावा. आपल्या काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ८४० मीटरने सुटते. ३०० मीटरवरून बार झाला, तर लक्ष्यापाशी आधी हवा फाटल्याचा 'फट्ट' ऐकू येतो आणि सुमारे अर्ध्या सेकंदाने बंदुकीचा 'धप्प' पोचतो. पहिला आवाज गोळीने हवेत उठवलेल्या लाटेचा. गोळी ध्वनीपेक्षा हळू गेली की तो उरतच नाही. आणि ध्वनीचा वेग कुठे एक असतो? २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, थंडीच्या पहाटे १० अंशांना ३३७, भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ वर गेला की जवळजवळ ३५८. मे महिन्यात मुकी राहिलेली गोळी पौषात बोलू शकते. लक्ष्मणरेषा हवा आखते, आणि आमच्या खानदेशात ती ऋतूगणिक सरकते.

वेग कमी करायचा म्हणजे दारू घटवली की झालं, असं वाटणं घातक आहे. मोठ्या पोकळीत थोडी दारू सारखी पेटेलच याची खात्री नसते. गोळी नळीतच अडकते आणि मागून आलेला दुसरा बार नळी फोडतो. शिवाय वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला की जोर नवव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच अशा कामाला जड गोळीची वेगळी काडतुसं रचली गेली. आपल्याकडे तर १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतूस बनवायला बंदी आहे, आणि काडतुसाचे सुटे भाग व ते बनवण्याची यंत्रंही कायद्याने दारूगोळ्यातच धरली आहेत. ही सक्ती मला योग्य वाटते. बंदुकीच्या नळीत झालेली चूक दुरुस्त करायला दुसरा दिवस मिळत नाही.

तरी ध्वनीहून हळू जाणारी रायफलची गोळी महाराष्ट्राने जगात गाजवली आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण घेऊन कांस्य जिंकलं; तो मध्य रेल्वेत नोकरीला होता. या प्रकारात पॉइंट टू-टू काडतूस वापरतात. स्पर्धेसाठी बनवलेली त्याची गोळी सुमारे अडीच ग्रॅमची आणि मुद्दाम ध्वनीच्या आत ठेवलेली, कारण ध्वनीची हद्द ओलांडताना उठणारी खळबळ नेम हलवते. हे काडतूस हाताने पुन्हा भरता येत नाही : पेटणारा मसाला टोपीत नसून बुडाच्या कडेतच असतो आणि एका फटक्यात ती कड चेपते. त्यामुळे इथला नेमबाज भरत नाही, निवडतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून झाडून पाहतो. रायफल पकडीत घट्ट आवळलेली, लक्ष्य ५० मीटरवर, आणि कागदावर उमटलेल्या भोकांचा पुंजका ज्या लॉटचा सर्वांत आवळ, त्याच नंबरच्या पेट्या तो मोसमभरासाठी बाजूला काढून ठेवतो.