आज्ञाधारक काया : आभासी वास्तव आणि अनत्तविचार

रबरी हाताचा प्रयोग अनत्तवादाचा पुरावा म्हणून सांगितला जातो, त्याचा येथे विचार कर्तव्य आहे. मॅथ्यू बॉट्विनिक व जोनाथन कोहेन यांनी तो 1998 साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. खरा हात आडोशाला, समोर रबरी हात. दोहोंवरून एकाच वेळी कुंचला फिरविला की स्पर्श रबरी हातालाच होतो आहे असे वाटू लागते. यावरून देह आपला नाही हे सिद्ध झाले म्हणणे उतावीळपणाचे होय. 'माझे' म्हणावयास चित्ताला किती थोडे प्रत्यय पुरतात, एवढेच त्यातून दिसते. हे उपादानाचे दर्शन आहे, अनत्ताचे नव्हे.

मेल स्लेटर यांचे 2009 मधील निरीक्षण अधिक मोलाचे आहे. आभासी वास्तवात समोरचे खरे नाही हे पक्के ठाऊक असूनही मनुष्य खऱ्याप्रमाणे वागतो. चित्रातल्या खड्ड्याच्या कडेशी पाय अडखळतो. येथे 'माया' हा शब्द उगाच वापरला जातो. अंगुत्तरनिकायाने सञ्ञा, चित्त आणि दिट्ठी असे विपल्लासाचे तीन स्तर सांगितले आहेत. दिट्ठी ढळलेली नसताना सञ्ञा फसते, असेच या प्रसंगाचे वर्णन केले पाहिजे.

किल्टेनी, ग्रोटेन व स्लेटर यांनी 2012 च्या निबंधात देहधारणेच्या जाणिवेचे तीन घटक मानले : मी या देहात स्थित आहे, तो माझ्या इच्छेने हलतो, तो माझा आहे. विभागणी नेटकी आहे. तथापि मधल्या घटकापाशी पालीच्या अभ्यासकाने थबकावे. हात उचलताच चित्रातील हात उचलला जातो. विलंब झाला की ती जाणीव ओसरते.

अनत्तलक्खणसुत्तातील युक्तिवाद नेमका याच्या उलट आहे. रूप व्याधीस कारण होते, त्यावर आपली आज्ञा चालत नाही, म्हणून ते अनत्त, असे पञ्चवग्गीय भिक्खूंना सांगितले गेले. संगणकाने घडविलेली काया ना आजारी पडते, ना आज्ञा मोडते. ज्या अवज्ञेच्या दर्शनाने निब्बिदा उपजावयाची, तीच येथे वगळलेली आहे. या यंत्रात अनत्तदर्शन शोधणाऱ्यांनी प्रथम या आक्षेपाचे उत्तर द्यावे.

अर्थात यंत्र चढविलेल्या अनेकांना थोड्याच वेळात मळमळू लागते. डोळे गती सांगतात, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ती नाकारते, आणि आभासी काया निर्धास्त चालत असताना खुर्चीतला मनुष्य यंत्र उतरवून घाम पुसतो.