झालं की सांगतो!

घोडबंदर रोडवर क्रम हा मोठा पवित्र असतो. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली ही ओळ कुणाच्या बापाला बदलता यायची नाही. पण याच रस्त्यालगतच्या इमारतींत बसून संगणकाला कामं सांगणाऱ्या तरुण मंडळींच्या जगात क्रमाला असा मान नाही. तिथे दूरच्या यंत्राकडे तीन मागण्या एकापाठोपाठ धाडाव्यात, तर तिसरीचं उत्तर आधी येऊन दारात उभं!

कारण ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट उत्तरासाठी ताटकळत बसत नाही. बसली तर अख्खा पडदाच गोठेल. ती निरोप ठेवून पुढच्या कामाला लागते: 'उत्तर आलं की एवढं करा.' हाच कॉलबॅक. वाण्याला 'नवा गूळ आला की पोराहाती किलोभर धाडा' म्हणावं आणि घरी येऊन फोडणीला लागावं, इतकी ही घरगुती कल्पना आहे.

आमची तक्रार आहे ती लेखनशैलीबद्दल. कामं क्रमानेच व्हायला हवीत, तर एका निरोपाच्या पोटात दुसरा आणि दुसऱ्याच्या पोटात तिसरा. बसचं तिकीटच घ्या. जागा आहे का विचार. आहे म्हणाले की पैसे कापून घे. कापले की तिकीट दे. दिलं की एसेमेस पाठव. प्रत्येक पायरी आधीपेक्षा उजवीकडे सरकते आणि शेवटी नुसती कंसांची वरात! पंचतंत्रातही गोष्टीच्या पोटात गोष्ट असते. पण विष्णुशर्मा आपल्याला सुखरूप बाहेर आणून सोडतो. इथे कुठला कंस कुठल्या गोष्टीचा, हे महिन्याभराने खुद्द लेखकालाही सांगता येत नाही.

बरं, हे नुसतं रूपाचं दुखणं असतं तर चाललं असतं. पण 'नाही जमलं तर काय?' हेही प्रत्येक पायरीवर वेगळं लिहावं लागतं. एका पायरीवर ते राहून गेलं, की पैसे कापले जातात, तिकीट येत नाही, आणि पडद्यावरचं चाक बिचारं गरगरत राहतं.

२०१५ मध्ये या भाषेत 'प्रॉमिस' आलं, २०१७ मध्ये 'असिंक-अवेट'. आता पायऱ्या एकीखाली एक, माणसाने वाचाव्यात तशा लिहिता येतात आणि सगळ्या अपयशांची दखल एकाच जागी घेता येते. अर्थात ती कुणीतरी घ्यावी मात्र लागतेच.

'झालं की सांगतो' म्हणणारे जगात पुष्कळ. 'नाही झालं तरी सांगतो' म्हणणारा भेटला, तर त्याला चहा आमच्याकडून!