उपग्रहीय मृदार्द्रता-मापन आणि धाराशिव जिल्ह्याची जमीन : एक परीक्षण

मातीतील ओल आकाशातून मोजता येते ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक सुमारे ८०, तर कोरड्या मातीचा जेमतेम ३ ते ४. या तफावतीमुळे माती ओली झाली की तिच्यातून बाहेर पडणारे सूक्ष्मतरंगी प्रारण घटते आणि ती घट उपग्रहावरील ग्राहकास टिपता येते. युरोपीय अंतराळ संस्थेचा ‘स्मॉस’ (२००९) आणि अमेरिकेच्या ‘नासा’चा ‘स्मॅप’ (२०१५) हे दोन्ही उपग्रह सुमारे २१ सेंटिमीटर लांबीच्या तरंगांवर याच तत्त्वाने चालतात. तेथवर वाद संभवत नाही. वाद आहे तो या आकड्यांवरून आपण जी अनुमाने काढू लागलो आहोत त्यांविषयी; आणि त्यांच्या कसोटीसाठी धाराशिव जिल्ह्याइतके योग्य क्षेत्र क्वचितच सापडेल.

प्रथम क्षेत्रफळाचा हिशेब घेऊ. ‘स्मॅप’चे मूळ कोष्टक ३६ किलोमीटर बाजूच्या चौकोनांचे आहे, म्हणजे एका चौकोनात सुमारे १,३०० चौरस किलोमीटर. सुमारे ७,५०० चौरस किलोमीटरचा हा जिल्हा अशा सहा चौकोनांत संपतो; तालुके मात्र आठ आहेत. दुष्काळाचा निर्णय तालुकानिहाय होतो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत या जिल्ह्यातील वाशी, धाराशिव व लोहारा हे तीनच तालुके होते. असा निवाडा सहा चौकोनांच्या साधनाने करता येणार नाही हे उघड आहे. ‘स्मॅप’वर याहून बारीक पाहणारे रडार होते, पण ते जुलै २०१५ मध्येच निकामी झाले. पुढे ९ किलोमीटरची कोष्टकेही प्रसिद्ध झाली. तथापि ती परस्परांवर चढणाऱ्या निरीक्षणांच्या अंतर्वेशनातून सिद्ध होतात. कागदावरचा चौकोन लहान झाला म्हणून उपग्रहाची नजर तितकीच तीक्ष्ण झाली असे नव्हे.

याहून गंभीर आक्षेप मातीच्या जातीचा आहे. बालाघाटाच्या माथ्यावर हलकी, मुरमाड, उथळ जमीन. तर मांजरा, तेरणा व सीना यांच्या खोऱ्यांत भारी काळी. उपग्रह देतो ते आकारमानी प्रमाण. समजा, ते २५ टक्के आले. हलक्या जमिनीत एवढी ओल म्हणजे जवळजवळ भरपूर पाणी. भारी काळीत तेवढ्याच ओलीवर पीक कोमेजण्याच्या बेतात येते, कारण चिकणमातीच्या कणांनी धरून ठेवलेले पाणी मुळांना सुटत नाही. (हे बद्ध पाणी विद्युत्‌क्षेत्रासही मोकळ्या पाण्यासारखा प्रतिसाद देत नाही, ही आणखी एक अडचण.) म्हणूनच केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने नुसती ओल न घेता उपलब्ध ओलाव्याचे शतमान घेतले आहे : जमिनीची धारणाशक्ती आणि कोमेजण्याची मर्यादा यांच्या दरम्यान प्रत्यक्ष ओल कोठे आहे, ते त्यावरून कळते. ही दृष्टी योग्यच आहे. परंतु ज्या चौकोनात माथा आणि खोरे एकत्र आले, त्याच्यासाठी धारणाशक्तीचा कोणता अंक धरावयाचा? सरासरी धरली तर ती दोहोंपैकी कोणत्याच शेताची नसते.

तिसरा प्रश्न खोलीचा. उपग्रहाला दिसतो तो वरचा सुमारे ५ सेंटिमीटरचा थर. पेरणीपूर्वी वाफसा आला की नाही याचा अंदाज त्यावरून कदाचित बांधता येईल. परंतु रब्बी ज्वारी पावसाळ्यात साठलेल्या खालच्या ओलीवर वाढते. डिसेंबरात काळी वरून सुकून भेगाळलेली असते, आणि तरी पीक उभे असते. तेव्हाचा उपग्रहीय आकडा खोटा नसतो; तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असतो. ‘स्मॅप’च्या एक मीटर खोलीपर्यंतच्या तक्त्याकडे बोट दाखविले जाईल. पण तो तक्ता प्रतिमानातून येतो. उपग्रहाची निरीक्षणे त्यात वरच्या थरापुरती दुरुस्ती पुरवितात, खालचे गणित मृदेच्या गृहीत गुणधर्मांवर चालते. अशा तक्त्याला ‘निरीक्षण’ म्हणणे आपल्या प्रबंधांनी सोडले पाहिजे.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या ‘निसार’ या भारत-अमेरिका उपग्रहाकडून पहिला आक्षेप बराच दूर होण्याची आशा आहे. त्याच्या मृदार्द्रता-कोष्टकाची योजना २०० मीटरांची आहे, म्हणजे माथा व खोरे वेगळे दिसतील. पण हे रडार आहे. परतणारा तरंग ओलीने बदलतो तसाच तो ढेकळांनी, नांगराच्या तासांनी आणि उभ्या उसानेही बदलतो. शिवाय कक्षेची पुनरावृत्ती १२ दिवसांची आहे, आणि सोयाबीनच्या उगवणीत १२ दिवसांची उघडीप म्हणजे दुबार पेरणीची वेळ. खोलीचा आक्षेप तर जेथल्या तेथे राहतो. त्याला आकाशातून उत्तर नाही : एक मीटरपर्यंत थराथराने नमुने काढणे, १०५ अंश सेल्सियसला भट्टीत वाळवून वजन करणे, आणि हे काम माथ्यावर व खोऱ्यात निरनिराळे, निदान एक संपूर्ण रब्बी हंगाम चालविणे, एवढे तरी केल्याखेरीज या जिल्ह्यासाठी कोणतेही उपग्रहीय कोष्टक प्रमाणित झाले असे लिहिता येणार नाही.