बहार आणि बसंत : आमच्या कवितेतले दोन वसंत

'रब्बी' हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी इतका रुळला आहे की तो बाहेरून आला, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अरबीत 'रबी' म्हणजे वसंत. वसंतात काढणीला येते ते रब्बीचे पीक. आणि 'खरीफ' म्हणजे शरद. हाच 'रबी' आमच्या हिजरी सनात रबिउल अव्वल आणि रबिउल आखिर या दोन महिन्यांच्या नावात आहे. गंमत अशी की नाव वसंताचे असले तरी हे महिने वसंताला बांधलेले नाहीत. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे आमचे महिने दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतात आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतात. रमजान कधी थंडीत येतो, कधी ऐन वैशाखात.

यावरून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात की ऋतूंचे सण आमचे नव्हेतच. वसंत दुसऱ्यांचा, आमचा फक्त चंद्र. हा निष्कर्ष कितपत टिकतो, हे आम्हाला धर्मशास्त्रात नव्हे, कवितेत तपासायचे आहे. कारण माणूस ऋतूकडे कसा पाहत होता, याची खरी नोंद कवितेतच सापडते.

उर्दू कवितेत दोन वसंत आहेत. एक 'बहार', दुसरा 'बसंत'. बहार फारसीतून आली. तिच्याबरोबर गुलाब, बुलबुल, माळी, पारधी आणि पिंजरा हा सगळा संसार आला. गझलेतली बहार खिडकीतून दिसत नाही. ती मनात येते. ती आली की आशिकाला वेड लागते आणि कैद्याला पिंजरा अधिक टोचतो. हे संकेत उसने आहेत म्हणून ते खोटे आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. उलट संकेत असल्यामुळेच त्यांना नवा अर्थ देता आला. फैज अहमद फैज १९५१ ते १९५५ तुरुंगात होते. 'दस्ते सबा' हा त्यांचा संग्रह १९५२ साली आला, तेव्हा जुना पिंजरा खराखुरा तुरुंग झाला आणि बहार म्हणजे लोकांच्या मुक्तीची वाट पाहणे झाले. हे बळ बहारीचेच.

बसंत मात्र इथल्या मातीचा आहे. त्याची एक लोककथा प्रसिद्ध आहे. हजरत निजामुद्दीन औलिया तरुण भाच्याच्या मृत्यूने खिन्न झाले होते. पिवळी वस्त्रे नेसून, मोहरीची फुले घेऊन देवळाकडे निघालेल्या बाया अमीर खुस्रोंना दिसल्या. तेही तसेच नटून पीरांपुढे गेले आणि पीर हसले. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध करता येत नाही. पण दिल्लीच्या त्या दर्ग्यात आजही वसंत पंचमीला कव्वाल पिवळे परिधान करून बसंत गातात. कथेपेक्षा ही परंपरा अधिक बोलकी आहे.

दख्खनमध्ये बसंताला कवितेत मानाचे पान दिले ते गोवळकोंड्याच्या मुहंमद कुली कुतुबशाहाने. त्याची कारकीर्द १५८० ते १६१२. हैदराबाद वसवणारा हा सुलतान दखनीतला मोठा कवी होता. त्याचे समग्र काव्य डॉ. मोहिउद्दीन कादरी जोर यांनी १९४० साली संपादित करून प्रसिद्ध केले. त्यात ईद आहे, शबे बरात आहे, नौरोज आहे, मोहरमचे मर्सिये आहेत आणि बसंतही आहे. एवढेच नव्हे, मृगाच्या पावसावरही कविता आहेत. मराठी वाचकाला 'मिरग' वेगळा समजावून सांगावा लागत नाही! बसंताच्या कवितांत सख्या आहेत, केशर आहे, रंग खेळणे आहे. आणि शेवटी कवी नबींच्या सदक्याने हा आनंद मिळाला, असे म्हणतो. श्रद्धा आणि ऋतू एकाच कवितेत, कसलाही खुलासा न करता, शेजारी बसतात. आमच्या मते हा सहजपणा हेच या काव्याचे सर्वांत मोठे मोल आहे.

पण कौतुकात वाहून जाण्याचेही कारण नाही. हा बसंत राजवाड्यातला आहे. तिथल्या स्त्रिया नटलेल्या आहेत, पण त्या स्वतः बोलत नाहीत. सुलतान त्यांच्याकडे पाहतो, एवढेच. ज्याच्या घामावर हा थाट उभा होता, तो रब्बी काढणारा कुणबी या कवितेत नाही. ही उणीव पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आग्र्याच्या नजीर अकबराबादीने भरून काढली. त्याचे सणवार बाजारात, गल्लीत, सामान्यांच्या गर्दीत घडतात.

दखनीची ही वाट नंतर अरुंद का झाली? वली १७०० साली दिल्लीला गेला आणि उर्दू गझलेचे युग सुरू झाले. पुढे फारसी वळणाच्या भाषेला प्रतिष्ठा मिळत गेली. ज्या दखनीत मराठीचा 'नको' आणि 'च' सुखाने नांदत होता, ती गावंढळ ठरली. भाषेबरोबर ऋतूही गेला. त्याच वलीची अहमदाबादेतली कबर २००२ च्या दंगलीत जमीनदोस्त करून तिच्यावर रस्ता केला गेला. म्हणजे एकीकडे आम्हीच दखनीला विसरलो आणि दुसरीकडे इतरांनी तिची खूणही ठेवली नाही. दोन्ही बाजूंचा दावा एकच : हे मिश्रण कधी नव्हतेच.

आता प्रश्न मराठीतून लिहिणाऱ्या आमचा. दंगल, गरिबी, तलाक, संशयाच्या नजरा हे सारे आम्ही लिहिले. ते लिहिणे भागच होते. पण मराठवाड्यातली फुललेली करडई, फाल्गुनातला पळस, कोकणातल्या आमच्या वाडीवरचा आंब्याचा मोहोर आमच्या कवितेत किती येतो? मोहरीची पिवळी शेते उत्तरेची. आमचा पिवळा-केशरी रंग इथल्या करडईचा आणि पळसाचा आहे. तो लिहिला म्हणजे दुःख विसरलो, असे होत नाही. ज्याला या भूमीचा पाहुणा म्हटले जाते, त्याने इथला मोहोर आपला म्हणून लिहिणे हेही एक उत्तरच आहे. आणि ते चारशे वर्षांपूर्वीच दखनीत दिले गेले आहे. ते पुन्हा वाचावे, त्यातले राजेपण बाजूला ठेवावे आणि रब्बी काढणाऱ्या हातांसह मराठीत लिहावे, एवढीच आमच्या लिहित्या मित्रमैत्रिणींकडे मागणी आहे.