यानात आपला कोण?

आमच्या चेंबूरच्या इमारतीत १९८०च्या दशकात दूरचित्रवाणीचा संच एकाच बिऱ्हाडी होता. दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागले की सिंधी वहिनी, वरच्या मजल्यावरचे तमिळ मामा आणि आम्ही मराठी पोरे त्या खोलीत दाटीवाटीने बसत असू. पडद्यावरही तसाच मेळा! १९६६ साली जीन रॉडेनबेरी ह्यांनी यानाच्या सुकाणूकक्षात कृष्णवर्णीय उहुरा आणि जपानी वंशाचा सुलू बसविले. पुढच्याच वर्षी, ऐन शीतयुद्धात, रशियन चेकॉव्हही आला. त्यांच्या तिथे असण्याचे कुणाला नवल वाटत नसे, हेच त्या मालिकेचे ब्रीद.

“पण ह्यांत आपला कोण?” हा माझा तेव्हाचा प्रश्न. उत्तर मिळाले ते खान नूनियन सिंग! १९६७च्या एका भागातला हा उत्तर हिंदुस्थानी शीख साकारला मेक्सिकन नट रिकार्डो माँटलबान ह्याने, आणि तोही हुकूमशहा म्हणून. १९७९च्या चित्रपटात मुंबईची पर्सिस खंबाटा आली, ती डोके तासून, परग्रहवासिनी होऊन. तेव्हा जुन्या मालिकेची पूजा बांधणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की ब्रीद मोठे असले तरी आचरण थिटे होते. उहुराच्या वाट्याला तरी निरोप पोहोचविण्यापलीकडे किती आले?

मग नव्यांनी ब्रीद पाळले काय? ‘डिस्कव्हरी’ने (२०१७ ते २०२४) कृष्णवर्णीय मायकेल बर्नहॅमला नायिका केले, कप्तानपदी चढविले, दोन पुरुषांचा संसारही चारचौघांसारखाच दाखविला. हे पाऊल निःसंशय पुढचे. मात्र तिथली माणसे आपल्या जिव्हाळ्याविषयी फार बोलतात. उहुरा मुकाट्याने कामाला लागे, ते मला अधिक पटे.

खानाच्या बाबतीत तर पाऊल मागेच पडले. २०१३च्या चित्रपटात तो झाला चक्क इंग्रज नट बेनेडिक्ट कंबरबॅच! २०२२च्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्‌स’मधली त्याच्या वंशातली लान कुळाचा कलंक जड मनाने वाहते, ते चित्रण हृद्य आहे, पण त्यात हिंदुस्थानचे म्हणून ‘सिंग’ हे आडनावच काय ते उरले.

वारसा राखणे म्हणजे वडिलांच्या चुकाही राखणे नव्हे. नव्या मालिकांनी पुष्कळांना जागा दिली, ह्याचा मला आनंद आहे; एक जागा द्यायची राहिली, ह्याची खंतही आहे. आमच्या त्या खोलीत उशिरा आलेल्याचे कुणी भाषण करून स्वागत करीत नसे. सगळे थोडे थोडे सरकून बसत, एवढेच.